एकच झाड

फोटोग्राफरने बारा वर्षं एकाच झाडाचे फोटो काढले. दरवर्षी वादळं सरली की तो आठ तास गाडी हाकत त्या जंगलात जायचा. म्हातारा वनरक्षक त्याला झाडापाशी नेऊन सोडायचा आणि तो हातभर अंतरावरून नुसतं खोड टिपायचा. वर्षभरात वाऱ्याने आणि विजेने ते इतकं बदललेलं असायचं, की निसर्गाच्या ताकदीपुढे तो हात टेकायचा. या नादात गुडघे कामातून गेले, नोकरी सुटली.

"त्या खोडाकडे बघतोस त्याच्या निम्म्याने तरी माझ्याकडे बघितलं असतंस!" असं बायको म्हणायची. आता तिने तेही सोडून दिलं होतं.

अखेर प्रदर्शन भरलं. "बारा वादळं अंगावर घेऊनही हे झाड जागचं हललं नाही," पाहुणे भाषणात म्हणाले, "माणसाने यापासून शिकावं!" टाळ्या पडल्या. फोटोग्राफर खुर्चीत टेकला. चला, बारा वर्षं वाया तरी गेली नाहीत, एवढंच त्याच्या मनात आलं.

मुद्दाम बोलावून घेतलेला वनरक्षक बाराही फोटो निरखून त्याच्याजवळ आला आणि कानाशी वाकून म्हणाला,


"साहेब, आता सांगून टाकतो. तुमचं झाड पाचव्या वर्षीच आडवं झालं. तुम्ही एवढ्या लांबून येणार, तुमचा हिरमोड कसा करायचा? म्हणून मग दरसाल, त्यातल्या त्यात तसंच दिसणारं एखादं हुडकून ठेवत होतो."