बसच्या पोटातली माहिती

"बस रद्द झाली की सीटं कोण मोकळी करतं?" शांभवीने विचारलं.

"बसच करते," रघुपतीमामा म्हणाले. "तिच्या पोटांत सगळं आहे. सीटं, ड्रायव्हर, फेऱ्या. मज विचार, मी सांगतो."

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. तंजावूर-कुंभकोणम बसकंपनीचा आरक्षणाचा प्रोग्रॅम मामांनी लिहिला, त्याला चौदा वर्षं झाली. बस, सीट, ड्रायव्हर असा त्यातला प्रत्येक तुकडा, म्हणजे क्लास, आपली माहिती पोटाशी धरून बसलेला. कुठला क्लास कधी गुपचूप बदलतो, हे फक्त मामांना ठाऊक.

हा गुंता सोडवायला नव्याने आलेल्या शांभवीने नवी मांडणी आखली. माहिती एका फोल्डरमध्ये, तिच्यावर काम करणारी फंक्शन्स दुसऱ्यात. फंक्शनने काही लक्षात ठेवायचं नाही. जुनी यादी घ्यायची, नवी द्यायची. डेटाबेस, एसएमएस ही बाहेरची लफडी शेवटच्या फोल्डरमध्ये.

"म्हणजे बस आता कांहींच करत नाही?" मामा हिरमुसले.

"नाही मामा. बस म्हणजे नुसती माहिती."

"सरी, सरी. पुन्हा सांग मा." बरं, बरं अशी मान डोलावत त्यांनी वही उघडली.

शांभवीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मालक सूर्यनारायण तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, काम सुटसुटीत झालं की इथे एकच माणूस पुरे. मामांना हे सांगायची तिची छाती झाली नाही. साठीला टेकलेला माणूस, आता कुणाच्या दारात उभा राहणार? निदान नवं काही हाताशी असावं म्हणून ती त्यांना जीव तोडून शिकवू लागली.

मामा राजवाड्यामागच्या घरून रोज तिच्यासाठी फ्लास्कमधून कापी, म्हणजे कॉफी, आणत. ओतून देताना काहीतरी बोलायला जात आणि गप्प होत. मग तिला आणखीच अपराधी वाटे.

तीन महिन्यांनी मामांनी सीट बदलायचं फंक्शन एकट्याने लिहिलं. एकही चूक नव्हती. त्यांनी खुशीत टेबलावर थाप मारली. शांभवीला मात्र राहवेना. ती उठून तडक मालकांच्या खोलीत गेली.

"सर, मामांना निदान सहा महिने तरी द्या," ती तमिळमध्ये म्हणाली. "या वयात दुसरी नोकरी पटकन मिळत नाही."

सूर्यनारायणांनी चष्मा काढला.

"मामाच राहणार आहेत, शांभवी. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सकाळीच येऊन गेले, तुझ्यासाठी सहा महिने मागत होते."