पायावरची आंघोळ

शेवंतीबाईंनी दारात चपला काढल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि पदराने घाम पुसत विचारलं, "बाळंतीण कुठंय?"

"आधी पाणी देते, मावशी," नंदा म्हणाली. एक हात कमरेच्या पट्ट्यावर दाबूनच ती चालत होती.

"पाणी नंतर. तीन जिने चढून आले, आता बसले तर उठायची नाय." त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली, डाळीच्या पिठाचा डबा आणि धुरीचं धुपाटणं काढलं. ठाकुर्लीतली निम्मी पोरं याच हातांखालून गेली होती, असं लोक म्हणत. म्हणजे मुख्यतः त्या स्वतःच म्हणत. "पोरगी किती दिवसांची?"

"एकोणीस."

"म्हणजे नाळ पडली. बरं झालं."

"एकोणीस वर्षं, मावशी."

शेवंतीबाईंचा हात डब्यावरच राहिला. नंदाने आतल्या खोलीचा पडदा सरकवला. खाटेवर अक्षदा पडली होती. अंगाने काडी, दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, पाय एकमेकांत अडकलेले. नवा माणूस पाहून तिने पटकन मान भिंतीकडे वळवली.

फोनवर नंदाने "मुलीला आंघोळ घालायचीय, माझी कंबर धरलीय" एवढंच सांगितलं होतं. वय मुद्दामच गाळलं होतं. खरं सांगितलं की बायका "कळवते" म्हणत, आणि कळवते म्हणजे काय ते तिला आता तोंडपाठ झालं होतं. सरकारी मदतनीस मिळणार होती. नाव मंजूरही झालं होतं. "फाइल वर गेलीय," असं तिथल्या कचेरीतले साहेब दर वेळी सांगत, पण त्यांच्या डोक्यावर तर नुसता पंखा होता. त्यात डॉक्टरांनी नंदाला पट्टा बांधला आणि मुलीला उचलायचं नाही अशी तंबी दिली. नवरा साईनाथ पहाटेच घोडबंदर रोडची बस चालवायला निघायचा. लेकीला या कुशीवरून त्या कुशीवर करून जायचा, पण वयात आलेल्या मुलीला बापाने न्हाऊ घालावं, हे ना त्याला जमत होतं ना तिला. ओल्या फडक्यावरच दिवस चालले होते. अक्षदाला बोलता येत नसलं तरी स्वतःच्या अंगाचा वास कळत होता. कुणी जवळ आलं की ती तोंड फिरवायची. नंदाला तेच सोसवत नव्हतं.

"खोटं बोललीस," शेवंतीबाई म्हणाल्या.

"खोटं नाही बोलले. सगळं बोलले नाही."

"एकच ते. मी बाळांची बाई आहे. एवढी मोठी पोर माझ्या पायावर मावणार हाय का?" त्यांनी बाटली पुन्हा पिशवीत टाकली. नंदा अडवायला गेली नाही. अडवून ठेवलेलं माणूस टिकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. फक्त डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत.

पिशवी उचलता उचलता शेवंतीबाई थबकल्या. भिंतीकडे वळलेल्या अक्षदाचं डोकं त्यांना मागून दिसत होतं. त्या खाटेजवळ गेल्या आणि तिच्या केसांतून बोटं फिरवली.

"डोकं मागून चपटं राहिलंय. लहानपणी न्हाऊ घालायला कोण होती बाई?" आवाजात चांगलाच राग होता.

"कुणीच नव्हती. जन्मली तेव्हा दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आणली तर हात लावायला सगळ्याच घाबरल्या. मीच घालायचे, टबात धरून, भीत भीत."

"म्हणजे पायावरची आंघोळच नाय हिला?"

नंदाने नकारार्थी मान हलवली.

शेवंतीबाईंनी पिशवीतून तेलाची बाटली पुन्हा बाहेर काढली. मग त्यांनी पदर खोचला. "पाणी तापलंय का?"

नंदा उचलायला पुढे झाली, तर त्या खेकसल्या, "तू हात लावायचा नाय!" अक्षदाला चादरीवर घेऊन त्यांनी चादरीसकट हळूहळू न्हाणीघरात सरकवत नेलं. पाटावर बसल्या, पाय लांब केले, आणि डोकं न् पाठ मांड्यांवर घेतली. उरलेली अक्षदा न्हाणीघरभर पसरली. तेल लावता लावता त्यांनी तिची मूठ अंगठ्याने चोळायला घेतली.

"मूठ सगळ्यांचीच आवळलेली असते गं जन्मताना. कुणाची लवकर सुटते, कुणाची नाय."

मूठ सुटली नाही, पण सैल झाली. पीठ लागलं, ऊन पाणी पाठीवरून ओघळलं, आणि अक्षदाने भिंतीकडची मान सावकाश वळवली. शेवंतीबाईंनी तिचं नाक चिमटीत धरून वर ओढलं, तशी ती खिदळली. इतक्या दिवसांनी ते हसू ऐकून नंदा उंबऱ्यावरच बसली.

शेवटचा तांब्या शेवंतीबाईंनी उंच धरला आणि सवयीने धार सोडत म्हणाल्या, "मोठी हो, शहाणी हो, तुरुतुरु चाल, अंगणभर—"

धार थांबली.

"तोंडात बसलंय गं," त्या नंदाकडे न बघता पुटपुटल्या. "रोजचंच. चुकलं माझं."

"थांबू नका, मावशी," नंदा म्हणाली. "तिला हे कधी कुणी म्हटलंच नाही."

शेवंतीबाईंनी स्वतःचं नाक सुरकन ओढलं. तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, उंच धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "मोठी हो..."