चिमूटभर

"सुले, मीठ घालताना हात आखडू नको गो. आळणी रांधतलीस तर घोव इचारूचो नाय!" लग्नाच्या सकाळी आई हसत म्हणाली होती. ते बोल सुलक्षणेच्या कानात निखाऱ्यासारखे अजून फुलत होते.

आणि इथे डॉक्टरने तिच्या नवऱ्याचं, दशरथचं, मीठच तोडलेलं. "ब्लडप्रेशर आहे. ऐकलं नाही तर जिवावर बेतेल."

सुलक्षणेचं आळणी ताट दशरथ मागे सारायचा. साकीनाक्याच्या कारखान्यातून सुटला की आधी शेजारच्या खोलीत, विधवा भावजयीकडे, पुतळाबाईकडे, शिरायचा आणि बांगड्याचं तिखलं बोटं चाटत खायचा. "वैनी, झकास!" चाळीच्या पातळ भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सुलक्षणेचा घास तोंडातच फिरायचा. तिकडे ती मीठ घालते, मग मीच का वाईट व्हायचं?

एके दिवशी तिने त्याच्या आमटीत चिमूट सोडली. दशरथने वाटी पुन्हा पुढे केली. मग ती चिमूट रोजचीच झाली.

आज त्याच्या पायांवर एवढी सूज चढली की वहाणेत पाऊल जाईना. सुलक्षणा तरातरा शेजारी गेली.

"वैनी, ह्यांना मारायचंय का तुम्हाला? मीठ तोडलंय ना त्यांचं?"

पुतळाबाई पाट्यावर खोबरं वाटत होती. उठून तिने कालचं तिखलं पळीभर सुलक्षणेच्या तळहातावर घातलं. "चाख."

चिंच होती. मिरची होती. तिरफळाची झणझण होती. मीठ जिभेला कुठेच सापडेना.

"त्याला एकट्याला आळणी वाटू नये म्हणून मीपण हेच खाते," पुतळाबाई म्हणाली. मग तिने मान फिरवली. "आता तोही यायचा थांबलाय. परवा दारातूनच म्हणाला, वैनी, घरीच जेवतो. सुलूच्या हाताला चव आलीय."

भिंतीपलीकडून दशरथची हाक आली, "सुलू, आमटी झाली का गं?"

तिरफळाने सुलक्षणेची जीभ बधिर झाली होती. शब्द कसेबसे फुटले.

"ती चव माझ्या हाताची नाही, वैनी. मिठाची आहे."