मानकोलीची मशेरी

पंचाहत्तर साली कॅन्सरच्या संशोधनाची सरकारी जीप भिवंडीजवळच्या शेलार गावात आली. साहेबांनी बायकांची तोंडं तपासली आणि बजावलं, "मशेरी लावणं सोडा, नाहीतर तोंडाचा कॅन्सर होईल." काशीनं त्याच दिवशी मशेरीची डबी उकिरड्यावर भिरकावली.

तिची लेक तुळजा मानकोलीला दिली होती. तिथंही हेच साहेब जायचे, तोंडं बघायचे, पण मशेरीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

"सरकारचा पगार खातात न् नुसते जीपमधून मिरवतात मेले," म्हणत काशी स्वतःच मानकोलीला गेली. घरोघरी फिरून, कुणाच्या पाया पडून, कुणाला शिव्या घालून तिनं अख्ख्या आळीची मशेरी सोडवली.

वर्षभरानं साहेब तिच्या दारात उभे राहिले. शाबासकी द्यायला आले असतील म्हणून काशीनं पदर सावरला. "तुमाला सवड न्हाय, म्हून तुमचं राहिलेलं काम मीच केलं, साहेब."

साहेब कडाडले, "आमचं सगळं संशोधन नासवलंत तुम्ही."

 

"मानकोलीला सांगायचंच नव्हतं, बाई. न सांगता किती जणींना कॅन्सर होतो, ते मोजायलाच तर सरकारनं पैसा दिलाय."