देवाक आणि एक सांग

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या तेजस्वीताईंनी आणलेला नारळ सत्यवानाने रवळनाथापुढे ठेवला आणि खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने देवाला सांगायचं आणि मागे उभ्या असलेल्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारा स्वतः ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नाही, तशी रीतच नाही.

मतदान तोंडावर आलं की उमेदवारांची भक्ती उफाळून येते आणि सत्यवानाचा घसा बसतो. पण ही बाई वेगळी होती. ढोल नाही, गाड्यांची रांग नाही. सभामंडपात खाली बसून त्यांनी बायकांचं सगळं ऐकून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाल्या, “निवडून आले, तर तुमच्या आरोग्य उपकेंद्राचं कुलूप आधी काढेन. इथली नर्स कुणाच्या सांगण्यावरून हलवली, तेही विचारणार आहे.”

गावाला ते पटलं. सत्यवानालाही पटलं, आणि म्हणूनच तो धास्तावला. ही बाई खरंच विचारील, असं त्याला वाटलं.

ती नर्स त्याची मुलगी, अक्षया. मागच्या निवडणुकीत याच देवापुढे त्याने दुसऱ्या एका साहेबांसाठी नारळ ठेवला होता. साहेब निवडून आले. गाव त्यांच्याकडे रस्ता मागायला गेलं, पाणी मागायला गेलं. सत्यवान एकटाच गेला, हापूसची पेटी घेऊन. “अक्षयाची बदली कुडाळला करा साहेब, मुलांना तिथली शाळा बरी पडेल,” म्हणाला. गावाच्या मागण्या अजून साहेबांच्या टेबलावर आहेत. अक्षयाची ऑर्डर पेटीतले आंबे पिकायच्या आत आली. उपकेंद्राला कुलूप लागलं ते लागलंच, तिच्या जागी कुणी आलं नाही. पेटीचं गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

“घाल रे गाराणा,” मागून कुणीतरी म्हणालं.

सत्यवान खाकरला. “बा देवा रवळनाथा...”

“व्हय म्हाराजा.”

“आज ही जी तुझी लेकरां तुझ्या पायांकडे इली हत, तेंच्या मनात जा काय आसा, ता पुरा कर.”

“व्हय म्हाराजा.”

“काय आडा येयत, ता दूर कर आणि ह्या ताईक येस दी...”

“व्हय म्हाराजा.”

“सत्यवाना, थांब.” खांबाला टेकून उभी असलेली हौसाबाई पुढे आली. हौसाबाईची सून बाळंतपणाला अडली, तेव्हा उपकेंद्राच्या पायरीवरून रिक्षा तशीच पुढे न्यावी लागली होती. सून वाचली. मूल वाटेतच गेलं.

“देवाक आणि एक सांग,” हौसाबाई म्हणाली. “जेणा कोणी आमची नर्सबाय हयसून हलवल्यान, तेका सोडू नको, म्हणान सांग.”

सत्यवान तिच्याकडे बघतच राहिला. हिला कळलं, असं त्याला वाटलं.

त्याचा चेहरा बघून हौसाबाईच गडबडली. “अक्षयाक नाय मी बोलत. तुझा चेडू गुणाचा. तिका ऑर्डर इली, ती गेली. हलवणारो येगळो. तेका देवान बघूक होयो.”

सांगून टाकावं असं सत्यवानाला वाटलं. शब्द अगदी जिभेवर आले. मग अक्षयाची पोरं आठवली, टाय लावून शाळेच्या बसमध्ये चढणारी. तो देवाकडे वळला.

“जेणा कोणी ही नर्सबाय हलवल्यान...” त्याचा आवाज फाटला. “तेका सोडू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” अख्खं देऊळ म्हणालं. हौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटले जात होते, तेवढ्यात तेजस्वीताई सत्यवानाजवळ आल्या आणि वाकून पाया पडल्या.

“काका, तुमचा आवाज का फाटला ते मला समजलं,” त्या हळूच म्हणाल्या. “अक्षयाला परत इथे आणतील म्हणून घाबरलात ना? मुलं तिथे शाळेत आहेत, बायकांनी सांगितलं मला; तिला आपण नाही हलवायचं. तेवढं माझ्याकडे लागलं. इथे दुसरी कुणीतरी आणू.”

बोलणं अगदी मनापासूनचं होतं, त्यात काही काळंबेरं नव्हतं. त्याचीच सत्यवानाला जास्त भीती वाटली. त्या दुसरीलाही कुठल्या तरी गावात बाप असणार, तोही कुणाकडे तरी पेटी घेऊन जाणार. ‘नको, अक्षयालाच आणा’, एवढंच म्हणायचं होतं.

हौसाबाईने जाता जाता त्याच्या हातावर खोबऱ्याचा एक जास्तीचा तुकडा ठेवला. “अक्षयाच्या पोरांक धाड,” म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

त्याने मूठ मिटली.

“मग, काका? नाही ना हलवायचं?” तेजस्वीताईंनी विचारलं.

“व्हय म्हाराजा,” सत्यवान म्हणाला.