हिरवी चौकट

"आता वाकून चल," शुभांगी फोनवर म्हणाली. "घोंगडी डोक्यावरून घे."

खाली गवतात सिद्धू वाकला. ऑफिसातल्या पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटली आणि वर शब्द आला : माणूस. भोंगा गप्प राहिला.

शुभांगीला हायसं वाटलं, पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही. विकायला आलेल्यासमोर खूश व्हायचं नसतं, एवढं ती आता शिकली होती.

मुळशी धरणाच्या काठावर तिचे पाहुण्यांसाठी तंबू होते. गेल्या महिन्यात बिबट्याने शेजारच्या वस्तीवरचं करडू उचललं आणि तिची झोप उडाली. तेव्हापासून लहानग्या पिंकीला ती घराबाहेर सोडत नव्हती. पोर खिडकीला नाक लावून झोक्याकडे बघत बसायची.

तिने घाईघाईत बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारं एक कॅमेऱ्याचं यंत्र घेतलंही होतं, नुसती जाहिरात बघून. पण मेंढरं वळणारा सिद्धू रोज संध्याकाळी तिथूनच जायचा आणि त्याची घोंगडी दिसली की ते यंत्र बिबट्या म्हणून बोंबलायचं. पाहुणे तंबू सोडून थेट पुणे गाठायचे.

म्हणून या वेळी ती हटून बसली होती. हिंजवडीहून आलेल्या निरंजनने आपल्या लॅपटॉपवर एकामागून एक बिबटे ओळखून दाखवले. तिने तो मिटायला लावला.

"तुमचे व्हिडिओ नकोत. माझ्या जागेत, माझ्या माणसावर दाखवा. सिद्धूला एकदा जरी बिबट्या म्हटलं, तर व्यवहार रद्द."

"म्हणूनच तर या यंत्राला घोंगडीचेच फोटो शिकवलेत, मॅडम," निरंजन म्हणाला. "वाकलेली, बसलेली, रांगणारी. तुम्ही सांगितलंत तसंच."

"मग रांगताना बघू."

फोनवर सिद्धू वैतागला. "काटं टोचत्यात वहिनी. ह्या वयात रांगाय लावताय व्हय?"

तरी बिचारा रांगला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा. दर वेळी हिरवी चौकट. दर वेळी माणूस. ऊन डोंगराआड गेलं तरी यंत्र चुकलं नाही.

"मम्मी, आता जाऊ?" पिंकीने विचारलं.

शुभांगीने पडद्याकडे बघितलं, मग लेकीच्या तोंडाकडे. भीती भीती म्हणून किती दिवस कोंडून ठेवायचं?

"जा. झोक्यापर्यंतच हं."

पिंकी चपला न घालताच पळाली. शुभांगीने निरंजनला चहा ओतला.

पडद्यावर गवत हललं. हिरवी चौकट जमिनीलगत सरकत होती, मधेच थांबत होती, पुन्हा सरकत होती. झोक्याच्या बाजूला. माणूस, माणूस, माणूस. भोंगा गप्प.

"घेते मी हे," शुभांगी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. "थांबा, आधी सिद्धूला बास म्हणते. अजून रांगतोय बघा."

मागच्या दारात कुणीतरी घोंगडी झटकली.

"कोन रांगतंय?" सिद्धू म्हणाला. "मी कवाच हितं आलोय, वहिनी."