नव्या दुरुस्तीसह

“मला जुनीच आवृत्ती द्या,” गृहस्थ तिसऱ्यांदा म्हणाले.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. वीस वर्षं पुस्तकं विकून त्याने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पुस्तक वाचून झाल्यावर आवडलं नाही म्हणून परत आणणारीही पाहिली होती. पण हा नमुना नवा होता.

सुरुवात तर झकास झाली होती. मुलीची पुढच्या महिन्यात सरकारी नोकरीची परीक्षा आहे, दोनदा थोडक्यात हुकली, आता ही शेवटची संधी. तिला राज्यघटना आणि त्यातल्या दुरुस्त्या नीट समजतील असं काहीतरी हवंय, असं गृहस्थांनी सांगितलं. दुकानदाराची कळी खुलली. त्याने टेबलावर तीन पुस्तकं मांडली.

“हे पातळ. आधी हे वाचू दे, म्हणजे भीती मोडेल. हे जाड. यात घटना समितीत कोण काय बोललं, का बोललं, सगळं आहे. पण पहिल्याच दिवशी हातात दिलंत, तर पोरगी परीक्षेचा नाद सोडेल. आणि हे मधलं. कलमं पुढे, दुरुस्त्या मागे, तारखेवार. प्रश्न यातूनच येतात.”

गृहस्थांनी मधलं उचललं, शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, “याची मागची आवृत्ती आहे?”

“मागची? अहो, गेल्याच महिन्यात दुरुस्ती झाली! अकरा कलमं बदलली. मागच्या आवृत्तीत ते बदल नाहीत.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे आणि तरी?”

“तरी.”

गल्ल्यावर बसलेल्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. “अहो, मागताहेत तर देऊन टाका ना. तेवढी एक तरी जाईल.”

तिचंही खरं होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि त्या संसारात जुन्या आवृत्तीच्या एकशे चाळीस प्रती येऊन बसल्या होत्या. दुरुस्ती होण्याच्या बरोबर आठ दिवस आधी दुकानदाराने त्या हौसेने मागवल्या होत्या. परीक्षेच्या या एका महिन्यावर दुकानाचं वर्ष निघायचं, आणि माल तर असा बसलेला.

“एक दुरुस्ती काय झाली,” बायको गृहस्थांना म्हणाली, “तिकडे कोर्टात भांडणं, रस्त्यात मोर्चे, आणि आमच्या घरात हे गठ्ठे! तीन आठवडे झाले, मी कपाटाचं एकच दार उघडतेय.”

“तू थांब गं,” दुकानदार म्हणाला. “पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. साहेब, किमतीचं म्हणाल तर नवी अर्ध्या किमतीत न्या.”

“किमतीचं काही नाही.”

“बरं, फुकट न्या!”

“नको, नको. जुनीच द्या.”

कंजूष म्हणावं, तर फुकटही नको म्हणतोय. अडाणी म्हणावं, तर कोणत्या कलमाच्या कोणत्या पोटकलमात काय आहे ते न बघता सांगतोय. हा स्वाभिमानाचा प्रकार असणार, दुकानदाराने ताडलं. बापाचा ताठा आणि पोरीचं वाटोळं. त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि रागही आला.

शेवटी त्याने आतून जुनी प्रत आणून दिली. “ही घ्या. उरलेल्या प्रती आज संध्याकाळी पाचला रद्दीत चालल्यात. उद्या नव्या दोनशे येताहेत.”

गृहस्थांना एकदम ठसका लागला. बायकोने पाणी आणून दिलं.

“सगळ्या रद्दीत?” ग्लास ठेवत त्यांनी विचारलं.

“सगळ्या. थेट लगदा.”

“आज नका देऊ.”

“का?”

गृहस्थांनी तोंड उघडलं, मिटलं, पंख्याकडे पाहिलं. “असंच. दोनतीन दिवस थांबा.”

“दोनतीन दिवसांनी काय त्यांना पंख फुटणार आहेत?”

“थांबा हो. माझं ऐका.”

आता दुकानदाराला उलगडा झाला. काही माणसांना जुनी पाकिटंसुद्धा फेकवत नाहीत. त्याच्या सासऱ्यांचं असंच होतं. त्याने मायेने गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब, राज्यघटना म्हणजे जिवंत गोष्ट. ती बदलते. आपणही बदलायला शिकावं.”

गृहस्थ त्याच्याकडे बघतच राहिले. “पण निदान विचार तरी करा,” ते कसंबसं म्हणाले.

“करतो, करतो,” दुकानदार म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी! गृहस्थ पैसे काढायला वळले, तेवढ्यात त्याने नवी प्रत गुपचूप त्यांच्या पिशवीत सरकवली. बापाचं पाप पोरीला कशाला?

पाचला हातगाडी आली आणि गठ्ठे गेले. बायकोने कपाटाची दोन्ही दारं उघडून पाहिली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान कसं नटलं होतं! दोनशे नव्या प्रती फळीवर, काचेवर मोठी पाटी: ‘नव्या दुरुस्तीसह’. प्रकाशकाच्या बिलावर ‘माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता, पण परत कोण करतंय? दुकानदार शीळ घालत धूळ झटकत होता.

एक मुलगी धापा टाकत आत आली आणि तिने नवी प्रत टेबलावर ठेवली. “काका, हे बाबांच्या पिशवीत चुकून आलं.”

“चुकून नाही, बाळ. मीच टाकलं. तुझ्या परीक्षेसाठी.”

“आता नाही लागणार. अर्ध्या तासापूर्वी कोर्टाने दुरुस्तीच रद्द केली. अकराची अकरा कलमं पुन्हा पहिल्यासारखी.”

बायकोने गल्ल्यावरूनच नवऱ्याकडे पाहिलं. दुकानदाराच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“आणि बाबांचा निरोप आहे,” मुलगी हसून म्हणाली. “तो निकाल त्यांनीच टाइप केला ना, म्हणून परवा बोलता येईना. आता सांगायला हरकत नाही म्हणाले: जुन्या प्रती जपून ठेवा, सोन्याच्या भावाने जातील.”